तुघलकाला वेडा म्हणू नका

दौलताबादचा किल्ला चढताना मध्ये एक भुयारी वाट लागते. अंधारी म्हणतात तिला. मी सातवीत असताना शाळेची सहल तिथे गेली होती. वाटाड्याने आम्हा पोरांना ओळीत उभं केलं, हातातली मशाल पाठीमागे नेली आणि क्षणभर स्वतःचा हातसुद्धा दिसेना. वटवाघळांचा उग्र वास, पायाखाली ओबडधोबड पायऱ्या, मागे कुणीतरी रडायला लागलेलं. शत्रूला इथे कसं चकवायचे ते त्याने रंगवून सांगितलं आणि बाहेर उजेडात आल्यावर म्हणाला, "वेड्या महंमदानं अख्खी दिल्ली उचलून इथं आणली होती, पोरांनो." आम्ही हसलो. बारा वर्षांच्या पोराला तेवढं उत्तर पुरतं. वेडा होता, म्हणून आणली.

पुढे कॉलेजात गिरीश कार्नाडांचं 'तुघलक' वाचलं. त्यात याच किल्ल्याच्या तटावर रात्री दोन पहारेकरी बोलत बसलेले असतात. म्हातारा पहारेकरी तरुणाला किल्ल्याच्या पोटातल्या वाटेबद्दल सांगतो: अजगरासारखी वेटोळं घालून पडलेली, आतून पोकळ, लांबच लांब वाट. त्या ओळीशी थबकलो. ज्या अंधारात आम्ही भिऊन एकमेकांचे सदरे धरले होते, त्याच अंधारावर एका पंचविशीतल्या लेखकाने माणसाचं मन उभं केलं होतं. आणि त्या नाटकात वाटाड्याचं उत्तर कुठेच नव्हतं. तेव्हापासून 'वेडा महंमद' हे दोन शब्द मला सहन होत नाहीत. हा लेख त्या दोन शब्दांविरुद्ध आहे.

मराठीत आपण महंमद तुघलकाला इतिहासापेक्षा वाक्प्रचारांतच जास्त ठेवलं आहे. स्वभाव क्षणात बदलणारा माणूस म्हणजे 'लहरी महंमद'. रातोरात निघालेला आदेश म्हणजे 'तुघलकी फर्मान'. परीक्षेचं वेळापत्रक आदल्या दिवशी बदललं, बाजारपेठ एका सहीने दुसरीकडे हलवली, चौकातली वाहतूक अचानक एकेरी केली, की वर्तमानपत्रात मथळा तयार असतो. 2016 च्या नोव्हेंबरात पाचशे आणि हजाराच्या नोटा बंद झाल्या तेव्हा हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. त्याआधी आणि नंतरही प्रत्येक पक्षाने दुसऱ्या पक्षासाठी तो वापरला आहे. वापरताना आपल्याला वाटतं, आपण सत्तेवर कठोर टीका केली. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. 'तुघलकी' म्हटलं की सत्तेला सर्वांत स्वस्तात सुटका मिळते. डोकं फिरलं होतं, लहर आली होती, एवढ्यावर विषय मिटतो. मग तो आदेश कागदावर कुणी उतरवला, शिक्का कुणी मारला, अंमल कुणी केला, त्यात कुणाचं घर भरलं, आणि आधी सगळे गप्प का होते, हे विचारायची गरज उरत नाही. वेडाला हेतू नसतो. हेतू नाही म्हटल्यावर जाब कशाचा विचारणार?

खऱ्या महंमद तुघलकाबद्दल आधी थोडं. 1325 ते 1351 अशी सव्वीस वर्षं त्याने राज्य केलं. 1327 मध्ये त्याने देवगिरीला, म्हणजे आपल्या दौलताबादला, राजधानी करायचं ठरवलं. दिल्लीपासून हजार किलोमीटरांहून अधिक अंतर. दख्खन नुकतीच दिल्लीच्या ताब्यात आली होती आणि इतक्या लांबून ती सांभाळणं अवघड होतं, तेव्हा निर्णयामागे कारण होतं. अख्खी दिल्ली ओस पडली ही कथाही इतिहासकार आता तशीच्या तशी मानत नाहीत. हलवले गेले ते मुख्यतः दरबारी, अमीर-उमराव, उलेमा, सूफी आणि त्यांच्या घरची माणसं. त्यांच्यातले कितीतरी परत गेले नाहीत. दौलताबादशेजारच्या खुलताबादच्या दर्ग्यांत ते आजही विसावले आहेत, आणि त्यांच्या बोलीचा इथल्या भाषांशी संसार झाला त्यातून दखनी वाढली. तांब्यापितळेच्या नाण्याला चांदीच्या टंक्याची किंमत द्यायची कल्पनाही हवेतून आलेली नव्हती. चीनमध्ये कागदी चलन चालत होतं. फसलं कुठे, तर घरोघरी तसंच नाणं पाडता येणार नाही अशी व्यवस्था टांकसाळीपाशी नव्हती. खोट्या नाण्यांचा पूर आला आणि सुलतानाला ती खजिन्यातल्या चांदीच्या बदल्यात परत घ्यावी लागली. यात चूक आहे, घाई आहे, क्रौर्यही पुष्कळ आहे. वेड मात्र मला दिसत नाही.

कार्नाडांनी 1964 मध्ये हे नाटक कन्नडमध्ये लिहिलं. माथेरानला जन्मलेला, धारवाड आणि ऑक्सफर्डमध्ये शिकलेला हा माणूस तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. विजय तेंडुलकरांनी ते मराठीत आणलं आणि अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने 1971 मध्ये ते उभं केलं. तुघलक होते अरुण सरनाईक. दिल्लीत इब्राहिम अल्काझींनी पुराना किल्ल्याच्या खऱ्याखुऱ्या भिंतींपुढे मनोहर सिंग यांना तुघलक केलं. दिल्लीच्या गादीवर आलेला सर्वांत आदर्शवादी, सर्वांत बुद्धिमान राजा सर्वांत मोठ्या अपयशांपैकी एक कसा ठरला, या प्रश्नाने आपल्याला पकडलं, असं कार्नाडांनी सांगितलेलं आहे. म्हणून अनेकांनी त्यात नेहरूंचा काळ पाहिला, पुढच्यांनी पुढचे पंतप्रधान पाहिले. तसं पाहण्यात गैर नाही. पण एका नेत्याचं नाव चिकटवलं की नाटक आपल्यापासून दूर जातं. दोष त्या एकाचा ठरतो आणि आपण प्रेक्षकांत बसून राहतो.

पहिल्या प्रवेशात सुलतान आपल्यावरच खटला भरू देतो. विष्णुप्रसाद नावाच्या ब्राह्मणाची जमीन सरकारने बळकावली होती. काझी निकाल सुलतानाविरुद्ध देतो आणि सुलतान तो मान्य करून ब्राह्मणाला पाचशे चांदीचे दिनार आणि नोकरी देतो. लोक चकित होतात. त्याच जोरावर तो राजधानी हलवण्याची घोषणा करतो: दौलताबाद हिंदूंचं शहर आहे, तिथे राजधानी नेली तर दोन धर्मांतलं नातं घट्ट होईल. किती सुंदर वाक्य आहे हे! आणि तो खोटं बोलत नाही, त्याचा त्यावर विश्वास आहे. फक्त तो ब्राह्मण ब्राह्मण नसतो. तो असतो अझीझ नावाचा धोबी, ज्याने खऱ्या मालकाकडून आधीच जमीन विकत घेऊन न्यायाच्या या संधीचा फायदा उठवलेला असतो.

इथे नाटकाची सगळी यंत्रणा समजते. महंमदाचं प्रत्येक उदात्त पाऊल अझीझला एक दार उघडून देतं. निःपक्ष न्याय आला, तो ब्राह्मण झाला. दिल्ली हलवली, तो वाटेवरच्या छावणीत अधिकारी होऊन लाच घेऊ लागला. तांब्याचं नाणं आलं, त्याने खोटी नाणी पाडली. नमाजावर बंदी घालून सुलतान खलिफाच्या वंशजाची वाट पाहू लागला, तर अझीझने त्या वंशजाला, गियासुद्दीन अब्बासीला, मारलं आणि त्याचेच कपडे अंगावर चढवले. सुलतानाची स्वप्नं आकाशातली, पण ती जमिनीवर उतरताना एका माणसाला चोख उपयोगी पडतात, आणि तो माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. भ्रम सुलतानाचा, पण त्या भ्रमावर पोट भरणारी एक अख्खी रांग असते. 'वेडा' म्हटलं की ही रांग अदृश्य होते.

सुलतानाच्या मनाचं अधःपतन सुरू कुठे होतं? बरेच समीक्षक बोट ठेवतात सहाव्या प्रवेशावर, जिथे कट उघडकीला येतो आणि तो कटातल्या शिहाबुद्दीनला स्वतःच्या हाताने पुन्हा पुन्हा भोसकतो. मला ते त्याआधी दिसतं, तिसऱ्या प्रवेशात. शेख इमामुद्दीन सुलतानाचा कडवा टीकाकार. सुलतान त्याला मशिदीसमोर आपल्याविरुद्ध बोलायला बोलावतो, सगळ्या दिल्लीने यावं असं जाहीर करतो, आणि दुसरीकडे सैनिक घरोघर पाठवून कुणीही बाहेर पडणार नाही याची तजवीज करतो. मैदान रिकामं राहतं. मग खिन्न चेहऱ्याने तो शेखला सांगतो की लोक आलेच नाहीत. हाच माणूस त्याच्या आदल्याच प्रवेशात सावत्र आईला सांगत असतो की लोकांनी माझ्याजवळ यावं, आपली सुखदुःखं मला सांगावीत, आपण एकत्र हसू, एकत्र रडू. त्याला लोक हवे आहेत, आणि लोक येऊ नयेत म्हणून सैनिकही त्यानेच पाठवले आहेत. दोन्ही गोष्टी तो मनापासून करतो. आत्मवंचना म्हणतात ती हीच. माणूस स्वतःशी खोटं बोलतो तेव्हा दोन खोल्यांत राहतो आणि मधलं दार स्वतःच लावून घेतो. सामान्य माणसाला तसं फार दिवस राहता येत नाही. बायको बोलते, शेजारी बोलतो, उधारी मागायला दुकानदार येतो. सत्ताधाऱ्याच्या त्या दाराशी पहारेकरी असतात.

आणि शेख? सुलतानाशी चेहऱ्याचं साम्य असलेला तो माणूस शाही पोशाखात हत्तीवर बसवून बंड करून आलेल्या ऐन-उल-मुल्ककडे बोलणी करायला पाठवला जातो, आणि बाण लागून मरतो. सुलतान हळहळतो. ती हळहळही खरीच असते, हे भयंकर आहे.

नाटकाचा गाभा मला त्याच्या आणि सावत्र आईच्या शेवटच्या भेटीत सापडतो. वजीर नजीबला आपणच मारलं असं ती कबूल करते, आणि त्याच्यासारखं बापाला किंवा भावाला मारण्यापेक्षा ते सोपं गेलं असं त्याला सुनावते. त्यावर महंमद जे उत्तर देतो ते वाचून अंगावर काटा येतो. त्या मृत्यूंनी मला हवं ते दिलं, तो सांगतो: सत्ता, विचारांना आकार देण्याचं बळ, कृती करण्याचं बळ, स्वतःला ओळखण्याचं बळ. तुझ्या या एवढ्याशा खुनाने तुला काय दिलं? आणि तो तिला दगडांनी ठेचून मारायचा हुकूम देतो. कुठला वेडा असं बोलतो? हे अतिशय नितळ, अतिशय तर्कशुद्ध बोलणं आहे. त्याच्या हिशोबात माणसं आपल्याला घडवणारं साहित्य झाली आहेत. दुसऱ्या प्रवेशात तो एकटाच बुद्धिबळाच्या पटापुढे बसलेला असतो, नामांकित उस्तादांनाही न सुटलेला डाव त्याने सोडवलेला असतो. त्या पटावर तो फार हुशार आहे. पण पट उलटला की प्यादी डब्यात जातात, आणि माणसांसाठी तसा डबा नसतो, हे तो कुठेतरी वाटेत विसरला.

गुलाबबागेची गोष्टही तशीच. फारसी कवी सादीच्या कवितेतली बाग त्याला प्रत्यक्षात फुलवायची होती, प्रत्येक गुलाब एक कविता व्हावा म्हणून. खोट्या नाण्यांनी भरलेल्या गाड्या शेकड्यांनी येऊ लागल्या तेव्हा ते ढीग त्याने त्याच बागेत रचायला सांगितले. रोज डोळ्यांपुढे राहावेत म्हणून. या माणसाला आपलं अपयश दिसतच नव्हतं, असं कोण म्हणेल?

म्हणूनच शेवटच्या प्रवेशात तो स्वतःलाच वेडा म्हणतो तेव्हा माझे कान टवकारतात. तो दरबारातल्या इतिहासकार बरनीला सांगतो की आता माझ्याजवळ मी आणि माझं वेड एवढंच उरलं आहे, आणि मी एकटाही नाही, या वेडात मला सोबती मिळाला आहे, साक्षात सर्वशक्तिमान ईश्वर. बहुतेक प्रयोगांत, बहुतेक लेखांत हे वाक्य कबुलीसारखं घेतलं जातं. बघा, अखेर त्यानेच मान्य केलं. मला ते त्याचं शेवटचं आणि सर्वांत चलाख स्वप्न वाटतं. न्यायाचं स्वप्न मोडलं, एकतेचं मोडलं, नाण्याचं मोडलं. एकच निवारा उरला, वेडाचा. तिथे जबाबदारी पोहोचत नाही, आणि पोहोचलीच तर ती वाटून घ्यायला देव आहे. 'वेडा महंमद' हे नाव आपण त्याला दिलं असं आपल्याला वाटतं. नाटकात तो ते स्वतः मागून घेतो. आपण वाक्प्रचार करून त्याला ते देत राहिलो आहोत.

आता या चर्चेत नवी भर पडली आहे ती निदानाची. एखाद्या नेत्याचं वागणं खटकलं की समाजमाध्यमांवर लोक त्याला नार्सिसिस्ट ठरवतात, मनोरुग्ण ठरवतात, गोळ्या घ्यायचा सल्ला देतात. यावर मला रागच येतो. माझ्या जवळच्या नात्यात स्किझोफ्रेनिया आहे. त्या बाईने आयुष्यात कुणाला चापट मारली नाही. तिला आवाज ऐकू यायचे तेव्हा ती घाबरून स्वयंपाकघरात दाराआड बसायची, आणि बरी असली की सगळ्यांना विचारत राहायची, माझ्यामुळे कुणाला त्रास झाला नाही ना? खऱ्या आजारात माणूस सत्ता गमावतो. स्वतःच्या मनावरची, घरातल्या आपल्या शब्दावरची. तिच्या आजाराचं नाव घेऊन सैन्य, खजिना आणि तुरुंग हाताशी असलेल्या माणसाचं वर्णन करणं हा तिच्यावर अन्याय आहे. आणि ज्यांना त्या सैन्याने हाकलत नेलं त्यांच्यावर तर आहेच.

दुसरी गोष्ट झोपेची. कार्नाडांनी अख्खं नाटक झोपेभोवती विणलं आहे, आणि आपल्या काळाला ते फार लागू आहे. सुरुवातीला तरुण सुलतान अभिमानाने सांगतो की मला झोप नको, दिवस उद्याच्या काळजीत जातो, रात्रीच मी त्यापलीकडे पाऊल टाकू शकतो. पुढे दौलताबादच्या तटावर तो झोपेसाठी तळमळत फिरतो, आणि पहाऱ्यावरच्या एकोणीस वर्षांच्या पोराशी आपल्या एकविसाव्या वर्षाबद्दल बोलतो. एकोणीस म्हणजे सारं जग मुठीत येईल असं वाटायचं वय. शेवटी अजान होते तेव्हा तो गादीवरच गाढ झोपलेला असतो. आपल्याकडे वरिष्ठांनी न झोपणं हा मोठा गुण मानला जातो. साहेब चारच तास झोपतात, हे आपण कौतुकाने सांगतो. नेत्याबद्दल सांगतो, अधिकाऱ्याबद्दल सांगतो, कंपनीच्या मालकाबद्दल सांगतो. जो झोपत नाही तो सगळ्यांसाठी जागतो, असं आपण गृहीत धरतो. नाटक विचारतं, तो रात्रभर जागून नेमकं कुणाशी बोलतो? महंमद रात्री लोकांशी बोलत होता, पण त्या लोकांना उत्तर द्यायची सोय नव्हती. ते त्याच्या मनातले लोक होते. खरे लोक सैनिकांनी घरात कोंडले होते.

कुणी म्हणेल, मग कार्नाडांनी त्याला इतकं देखणं का केलं? इतकी कविता त्याच्या तोंडी का घातली? मला वाटतं, आपण त्याच्या प्रेमात पडावं म्हणूनच. अरुण सरनाईकांचा किंवा मनोहर सिंगांचा तुघलक ज्यांनी पाहिला ते अजूनही त्या आवाजाबद्दल बोलतात. पहिल्या प्रवेशात मीही त्याच्या बाजूने होतो. जिझिया रद्द करणारा, काझीपुढे मान तुकवणारा राजा कुणाला आवडणार नाही? मला नाटकाची भीती वाटते ती यामुळेच. त्याच्या स्वप्नावर आधी आपली सही असते. नंतर स्वप्न फसलं की आपण त्याला लहरी ठरवून मोकळे होतो, कारण तसं केलं नाही तर आपल्या सहीचं काय करायचं ते ठरवावं लागेल.

या सगळ्या मोठमोठ्या मनांच्या गोंधळात नाटकात एक बाई आहे. तिला नाव नाही, संहितेत ती नुसती 'हिंदू बाई' आहे. दिल्ली-दौलताबाद रस्त्यावरच्या छावणीत ती मरायला टेकलेलं पोर कडेवर घेऊन अझीझपुढे उभी राहते. हकिमाकडे जाऊ द्या म्हणते. अझीझ पैसे मागतो, ती देऊ शकत नाही, आणि ती गेल्यावर तो आपल्या साथीदाराला, आझमला, समजावतो की पोर तसंही मरणारच होतं, हकिमावर पैसे उधळण्यापासून आपण तिला वाचवलं. नाटकातली दोन-तीन पानं, एवढाच तिचा वाटा. तुघलकाच्या मनोविश्वावर लिहिलेलं मी बरंच वाचलं, त्यात ही बाई क्वचितच भेटते. पाच वर्षांनी दुष्काळाने होरपळलेल्या गर्दीत ती पुन्हा दिसते. समोर सुलतान भर लोकांत खलिफाच्या वंशजाच्या पायांवर डोकं ठेवतो आहे, पाच वर्षं बंद असलेला नमाज पुन्हा सुरू होणार म्हणून डंका पिटला जातो आहे. त्या शाही पोशाखातला माणूस ती ओळखते. माझं पोर यानेच मारलं, ती ओरडते. दंगल तिथूनच पेटते.

तिचं म्हणणं खरं होतं, हे ठाऊक असणारे नाटकात शेवटी तिघंच उरतात. एक अझीझ. दुसरा सुलतान, जो सगळी हकिकत ऐकून घेतो आणि अझीझच्या हाती दख्खनमध्ये अधिकारी म्हणून नेमणुकीचं पत्र देतो. आणि तिसरा बरनी, जो इतिहास लिहितो.